न कळण्याचं शिक्षण

आपल्याकडे गुण औषधाला नसतो, डॉक्टरच्या हाताला असतो. तीच गोळी, तोच डोस. पण समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरनं दिली की लागू पडते आणि तुमची पडत नाही, असं तोंडावर सांगणारे पेशंट मी चाळीस वर्षं ऐकले. तरुणपणी या ‘हातगुणा’चं हसू यायचं. पुढे लक्षात आलं की पेशंट अडाणीपणानं बोलत नव्हता. औषध लागू पडेलच याची हमी कुणालाच देता येत नाही, हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं. त्या न कळणाऱ्या भागाला त्यानं आपल्यापुरतं एक नाव देऊन टाकलं होतं. आम्ही डॉक्टरांनी मात्र त्याला नाव दिलं नाही. पुस्तकात त्यावर धडा नव्हता, परीक्षेत प्रश्न नव्हता, आणि पेशंटसमोर त्याचा उच्चार करायचा नाही हे न सांगताच ठरलेलं होतं.

या भागाचा आयुष्यभर पाठपुरावा ज्यांनी केला, त्या डॉक्टर नव्हत्या. रेने फॉक्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म न्यूयॉर्कचा, १९२८ सालचा. मृत्यू फिलाडेल्फियात, २०२० साली. मधल्या काळात त्यांनी इस्पितळाचे वॉर्ड, मेडिकल कॉलेजचे वर्ग, शवविच्छेदनाच्या खोल्या आणि डायलिसिसची केंद्रं इतक्या चिकाटीनं पाहिली की ‘वैद्यकाचं समाजशास्त्र’ ही शाखा शिकताना त्यांना टाळून पुढे जाता येत नाही.

त्यांच्या कामाची मराठीत ओळख करून देणारं हे पुस्तक. लेखिका समाजशास्त्र शिकवतात. प्रस्तावनेसाठी त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मी त्यांच्याच विषयातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांचं नाव सुचवलं. त्या म्हणाल्या, ‘ते नकोत. ज्यांचा अभ्यास झाला त्या बाजूचं कुणीतरी हवंय.’ म्हणजे मी इथे तज्ज्ञ म्हणून नव्हे, नमुना म्हणून उभा आहे. वाचकांनी तसंच धरून चालावं.

फॉक्स यांची आजाराशी गाठ संशोधनाआधीच पडली होती. स्मिथ कॉलेजात शिकत असताना, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला. लस यायला तेव्हा अजून दहा वर्षं होती. आजारपण संपवून त्या परतल्या, १९४९ साली पदवीधर झाल्या आणि पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डला गेल्या. तिथे टॅल्कॉट पार्सन्स शिकवत होते. आजारी पडणं ही नुसती शरीराची अवस्था नाही, समाजानं नेमून दिलेली ती एक भूमिका आहे, हे पार्सन्स यांचं गाजलेलं म्हणणं १९५१ सालच्या त्यांच्या ग्रंथात आलं. आजाऱ्याला रोजच्या कामातून सुटी मिळते, आजाराचा दोष त्याच्या माथी येत नाही. बदल्यात त्यानं बरं व्हायची इच्छा धरायची आणि जाणकाराकडे जायचं. (अंगात ताप असताना पोळ्या लाटणाऱ्या बायका ज्या घरात आहेत, तिथे ही सुटी सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे पार्सन्स यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.) फॉक्स यांनी गुरूंकडून दृष्टी घेतली, पण गुरूंची भाषा घेतली नाही, हे आपलं नशीब. पार्सन्स वाचणं म्हणजे खडी फोडणं आहे. फॉक्स यांचं गद्य कथेसारखं वाचता येतं.

पीएच.डी.साठी त्या बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम इस्पितळातल्या एका छोट्या संशोधन वॉर्डात जाऊन बसू लागल्या. वॉर्डाचं नाव ‘एफ-सेकंड’. इथले पेशंट असे, की ज्यांच्या आजारावर तेव्हा धड इलाज नव्हता. डॉक्टर तरुण आणि दुहेरी कामाचे : ज्याच्यावर उपचार करायचे त्याच्यावरच प्रयोगही करायचे. कॉर्टिसोन नुकतं हाती आलं होतं, कृत्रिम मूत्रपिंडाचं यंत्र रांगत होतं, मूत्रपिंड बसवून पाहण्याचे प्रयत्न चालले होते. पुढे २३ डिसेंबर १९५४ रोजी याच इस्पितळात जुळ्या भावांमध्ये जगातलं पहिलं यशस्वी मूत्रपिंडरोपण झालं, आणि ते करणारे डॉ. जोसेफ मरे यांना १९९० साली नोबेल मिळालं. फॉक्स यांची वारी त्या यशाच्या आधीची. बरेचसे प्रयोग फसत होते, ते दिवस त्यांनी पाहिले.

तिथे त्यांना काय दिसलं? डॉक्टर निदानावर पैजा लावतात. मरणावर विनोद करतात, आणि पेशंटही त्याच जातीचे विनोद करतात. प्रयोगाला तयार झालेल्या पेशंटची खास बडदास्त राहते, त्याचं नाव होतं, वॉर्डात तो जणू नट असतो. बाहेरच्या माणसाला हे निर्दय वाटावं. फॉक्स यांनी निवाडा करायची घाई केली नाही. हातात खात्रीचं काहीच नसताना डॉक्टर आणि पेशंट हे दोन्ही गट एकाच कोंडीतून वाट काढत आहेत, आणि वाटाही सारख्याच निघताहेत, असं त्यांनी मांडलं. या अभ्यासाचं पुस्तक १९५९ साली आलं. त्याचं नाव हिपोक्रेटिसच्या पहिल्याच सूत्रातून घेतलेलं : प्रयोगातली जोखीम सांगणारं. ते वाचताना मला आमची ड्युटी रूम आठवली. प्लीहा दोन बोटं लागते की तीन, यावर तिथे वडापावची पैज लागायची. ही गोष्ट मी कधी घरी सांगितली नव्हती.

मात्र हातातल्या या मराठी पुस्तकाचा गाभा मी धरतो तो दुसऱ्याच अभ्यासाला. १९५० च्या दशकात कोलंबिया विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी, रॉबर्ट मर्टन यांच्या पुढाकारानं, मेडिकलच्या विद्यार्थ्याचा डॉक्टर कसा घडतो याचा शोध हाती घेतला. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल मेडिकल कॉलेजात फॉक्स विद्यार्थ्यांमध्ये वावरल्या. काही विद्यार्थ्यांनी या अभ्यासासाठी डायऱ्या लिहिल्या. १९५७ सालच्या संग्रहात फॉक्स यांचा जो लेख आहे, त्याचा विषय एवढाच : या मुलांना अनिश्चितता सोसायला कसं शिकवलं जातं. त्यांनी अनिश्चिततेच्या तीन जाती सांगितल्या. शास्त्राला ठाऊक आहे, पण मला अजून येत नाही, ही पहिली. शास्त्रालाच ठाऊक नाही, ही दुसरी. आणि यातलं नेमकं कोणतं, माझं अज्ञान की शास्त्राचं, हेच कळत नाही, ही तिसरी.

वाचायला सोपं आहे. त्या तिसऱ्या जातीत मी अडकलो तो दिवस सांगतो. दुसऱ्या एमबीबीएसला असताना मेडिसिनच्या वॉर्डात आमची सात-आठ जणांची बॅच एका खाटेभोवती उभी होती. सरांनी पेशंटच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘प्लीहा लागते. बघा.’ एकेकानं पुढे होऊन बोटं दाबली. ‘लागते?’ ‘हो सर.’ ‘लागते?’ ‘हो सर.’ माझी पाळी आली. माझ्या बोटांना काहीही लागलं नाही. मी म्हणालो, ‘हो सर.’ माझ्यानंतरची मुलगी मात्र म्हणाली, ‘मला नाही लागत, सर.’ सर म्हणाले, ‘बोटं होस्टेलवर विसरलीस का?’ सगळे हसले, मीही हसलो. सोनोग्राफी तेव्हा आमच्याकडे नव्हती. त्या माणसाची प्लीहा खरंच वाढलेली होती की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. माझी बोटं कच्ची होती, की सरांचा अंदाज चुकला होता? आणि माझ्याआधीच्या चौघांना खरंच लागली होती, की तेही माझ्यासारखेच?

फॉक्स यांचं निरीक्षण असं की यातून सुटका एकट्यानं होत नाही. सोबत्यांशी बोलल्यावर मुलाला कळतं की हे आपलं एकट्याचं नाही. एखादा शिक्षक राउंडवर उघडपणे ‘मला सांगता येणार नाही’ म्हणतो, तेव्हा कळतं की हे शिकाऊपणाबरोबर संपणारं प्रकरणही नाही. हळूहळू मुलगा तिन्ही जाती ओळखायला लागतो, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकतो : मनात शंका असतानाही पेशंटपुढे किती विश्वासानं उभं राहायचं.

याला उत्तरंही आली, आणि लेखिकेनं ती लपवली नाहीत. हॉवर्ड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सस विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजवर १९६१ साली जे पुस्तक काढलं, त्यातली मुलं मास्तरांना परीक्षेत काय हवंय याचा माग काढण्यात गुंतलेली आहेत. कोलंबियावाल्यांनी आपल्या संग्रहाच्या नावात त्यांना ‘विद्यार्थी-वैद्य’ म्हटलं, बेकर यांनी ‘पांढऱ्या कपड्यांतली पोरं’. दोन्ही नावांतच भांडण आहे. पुढे १९८४ साली पॉल अ‍ॅटकिन्सन यांनी तर फॉक्स यांचं शीर्षकच उलटं केलं : मेडिकल कॉलेज अनिश्चिततेचं नव्हे, निश्चिततेचं शिक्षण देतं. एडिंबरामध्ये पेशंटच्या खाटेशी चालणारं शिकवणं त्यांनी पाहिलं होतं. तिथे उत्तर आधी ठरलेलं असतं आणि विद्यार्थ्यानं तिथवर पोचायचं असतं.

माझ्या प्लीहेच्या गोष्टीत कोण बरोबर ठरतं? माझं मत अ‍ॅटकिन्सनच्या बाजूनं पडतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. फॉक्स यांनी पाहिलेला, शंका बोलून दाखवणारा शिक्षक मला भेटला तो एमडी झाल्यावर. वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘माहीत नाही’ म्हटलं की मार्क गेले. मग विद्यार्थी काहीतरी ठोकून देतो, आणि ठोकून देण्याची सवय पदवीबरोबर दवाखान्यात येते. २०१९ पासून आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ नावाचा भाग आला आहे. चांगलं झालं. पण वायवाच्या टेबलावर ‘माहीत नाही’ या उत्तराला अर्धा मार्क मिळत नाही, तोवर त्या तासांना मुलं हजेरीपुरतीच बसणार.

‘अलिप्त आस्था’ या कल्पनेवर लेखिकेनं एक अख्खं प्रकरण खर्च केलं आहे. माझ्या मते ते निम्म्यात झालं असतं. मानसोपचारतज्ज्ञ हॅरल्ड लीफ यांच्याबरोबर फॉक्स यांनी १९६३ साली ती मांडली. पेशंटपासून पुरेसं लांब राहायचं, म्हणजे हात थरथरणार नाही. आणि पुरेसं जवळ, म्हणजे तो केस पेपर होणार नाही. अ‍ॅनाटॉमीचं डिसेक्शन आणि शवविच्छेदन या त्या शिक्षणाच्या पायऱ्या. त्या प्रकरणातल्या सगळ्या चर्चेपेक्षा मला एकच गोष्ट आठवत राहिली. आमच्या टेबलावर हाताच्या पंजाचं डिसेक्शन सुरू झालं, त्या दिवशी कुणी बोललं नाही. बोटावर अंगठीचा वळ होता.

आता अवयवरोपण. इथे फॉक्स यांच्या कामाला सर्वांत जास्त धार आहे, आणि मराठी वाचकाला सर्वांत जास्त घेण्यासारखं आहे. ज्युडिथ स्वेझी या विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासक. दोघींनी मिळून रोपणाचं आणि डायलिसिसचं जग वर्षानुवर्षं न्याहाळलं. त्यांचं पहिलं मोठं पुस्तक १९७४ साली आलं, दुसरं १९९२ साली. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाकडून माणसाला पहिलं हृदयरोपण केलं आणि जगभर लाटच आली. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीतच हृदय बसवलं. पेशंट काही तासच जगला. त्या एका वर्षात जगात शंभराच्या घरात हृदयरोपणं झाली आणि बहुतेक पेशंट गेले. मग बहुतेक सर्जनांनी स्वतःहून हात आवरले. त्यांना कुणी थांबवलं? कायद्यानं नव्हे. मग कशानं? फॉक्स आणि स्वेझी या प्रश्नाच्या मागे लागतात. अपयश पचवून पुढे जाण्याचं धैर्य आणि पेशंटच्या जिवावर पुढे जाण्याचा हट्ट यांच्यातली रेघ त्यांना शोधायची आहे.

दोघींच्या पहिल्याच पुस्तकात सिएटलची समिती भेटते. तिथे १९६२ साली कृत्रिम मूत्रपिंडाचं केंद्र सुरू झालं. यंत्रं मोजकी, मरणाच्या दारातले पेशंट खूप. कुणाला घ्यायचं हे ठरवायला सात जणांची समिती नेमली, त्यांची नावं गुप्त. त्यात वकील होता, पाद्री होता, बँकवाला होता, गृहिणी होती. माणसाचं लग्न झालंय का, मुलं किती, काम काय करतो, चर्चला जातो का, हे बघून ते निवड करत. आपल्याकडे ‘सत्पात्री दान’ म्हणतात. पात्र कोण हे ठरवायची वेळ खरोखर आली की काय होतं, ते सिएटलमध्ये दिसलं. १९७२ साली अमेरिकन सरकारनं मूत्रपिंडाच्या पेशंटांचा खर्च उचलायचा कायदा केला, तेव्हा ही निवड थांबली.

आणि मग फॉक्स यांची सर्वांत नाजूक गोष्ट. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ साली भेटवस्तूंच्या देवघेवीवर लिहिताना दाखवलं होतं की देणं, घेणं आणि परतफेड करणं या तिन्ही गोष्टींची समाजात सक्तीच असते. फॉक्स आणि स्वेझी विचारतात : मूत्रपिंडाची परतफेड कशानं करायची? ज्याला फेडता येत नाही असं देणं मिळालं, तो देणाऱ्याचा बांधील होतो. कधी देणाराही त्याच्यावर हक्क सांगू लागतो. याला त्या दोघी देणगीचा जुलूम म्हणतात. लेखिकेनं इथे मुद्दाम ‘दान’ न म्हणता ‘देणगी’ म्हटलं आहे. ‘अवयवदान’ रुळलेलं असताना हे खटकेल, पण मला ते पटलं. दान म्हटलं की परतफेडीचा प्रश्न आपण आधीच मिटवून टाकतो. वास्तविक मराठीला तो प्रश्न उत्तम कळतो. नाहीतर ‘उपकाराचं ओझं’ आणि ‘पांग फेडणं’ हे शब्द आले असते कुठून?

माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या एका माणसाला त्याच्या थोरल्या बहिणीनं मूत्रपिंड दिलं होतं. ऑपरेशन छान झालं. तीन वर्षांनी तो मला म्हणाला, ‘डॉक्टर, भाऊबीजेला मी तिच्याकडे जायचं बंद केलंय. ताटात काय घालू?’ दर महिन्याच्या रक्ततपासणीतल्या त्याच्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर माझी नजर होती. या प्रश्नावर नव्हती.

फॉक्स यांचं बेल्जियममधलं काम मी लवकर आवरतो, कारण लेखिकेनं ते उत्तम सांगितलं आहे. तिथलं वैद्यकीय संशोधन भाषा, धर्म आणि पक्ष यांच्या गटबाजीत कसं अडकलं आहे, हे १९६२ साली त्यांनी छापलं तेव्हा त्या देशात गदारोळ झाला. त्या वाटेनंच त्या काँगोला पोचल्या. १९६० साली तो देश स्वतंत्र झाला तेव्हा बेल्जियन राजवटीनं मागे एकही काँगोली डॉक्टर ठेवला नव्हता. होते ते वैद्यकीय सहायक. त्यांच्यातून डॉक्टर कसे तयार झाले, यावर फॉक्स यांनी विली द क्रॅमर यांच्याबरोबर १९६८ साली पुस्तक लिहिलं. ज्यांच्या गावात एलसीपीएस झालेले डॉक्टर होते आणि एमबीबीएसवाले त्यांना पायरी खालचे समजायचे, त्या वाचकांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

मला सर्वांत जास्त विचारात पाडलं ते १९९२ सालच्या निरोपानं. तोवर साल्ट लेक सिटीतलं कृत्रिम हृदयाचं प्रकरण होऊन गेलं होतं. डिसेंबर १९८२ मध्ये ते कायमचं म्हणून बसवलेले पहिले पेशंट, एक दंतवैद्य, ११२ दिवस जगले. चाळीस वर्षं ज्या क्षेत्रात काढली त्यातून आपण आणि स्वेझी बाहेर पडत आहोत, असं फॉक्स यांनी जाहीर केलं. माणसाचे सुटे भाग बदलत राहण्याचा हव्यास आणि मरण मान्यच न करण्याची वृत्ती त्यांना सोसेना; आणि तेही साधी औषधं न मिळणारे लोक आजूबाजूला असताना. संशोधकानं अलिप्त राहायचं, हे शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या आस्थेची बाजू जाहीर केली. काहींना यात शास्त्राची शिस्त मोडल्यासारखं वाटलं. मला तर चाळीस वर्षांच्या टिपणांनंतर माणसाला एवढं म्हणायचा अधिकार मिळतो, असं वाटतं. त्या घरी बसल्या नाहीत हे विशेष. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संघटनेच्या मागे त्या गेल्या आणि २०१४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, तिच्यावर पुस्तक काढलं.

एक उणीव सांगतो. फॉक्स यांच्या वॉर्डात पैशाचा खडखडाट फार क्वचित ऐकू येतो. संशोधन वॉर्डातल्या पेशंटला बिलाची धास्ती नव्हती. आमच्या पेशंटची अनिश्चितता वाचेल की नाही इथे सुरू होत नाही. ‘एकूण खर्च किती येईल?’ इथे होते, आणि त्याचं खरं उत्तर डॉक्टरलाही देता येत नाही, कधीकधी द्यायचंही नसतं. तीन जातींच्या यादीत ही चौथी जात आपण घालायला हवी. लेखिकेनं शेवटच्या प्रकरणात तिला नुसता हात लावून सोडून दिलं आहे. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते काम करावं.

शेवटी मेडिकलच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. कॉर्नेलच्या मुलांच्या डायऱ्यांसारखं मराठीत काही माझ्या पाहण्यात नाही. तुमच्या जर्नलची मागची पानं कोरीच असतात. वॉर्डातून आल्यावर त्यांवर दोन ओळी लिहा : आज काय कळलं नाही, आणि तरी कशाला ‘हो सर’ म्हटलं. पेशंटचं नाव, खाटेचा नंबर, सरांचं नाव गाळा. वर्षभरानं ती पानं लेखिकेकडे पाठवून द्या.